जॉब आऊट की सेंटर आऊट?

(दृश्य : कुपवाड एमआयडीसी, सांगली. मापनकक्षाचं दार.)

बाहेर एप्रिलचं ऊन, आत वीस अंश. लांबीची मापं जगभर याच तापमानाला धरतात, म्हणून मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, इथं आधी निवू देतात. दहा सेंटीमीटर पोलाद एका अंशानं तापलं की मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग), किंचित जास्तच, वाढतं. पंपाच्या शाफ्टला तेवढं चालून जातं.

(दृश्य : इंदूर, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र.)

हे इंडस-२, क्ष-किरण देणारं सिंक्रोट्रॉन यंत्र. सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन धावतात आणि वळणावर क्ष-किरण सोडतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर तर हा किरण शंभर नॅनोमीटरच्याही, म्हणजे मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्याही, आत एकवटतात. तिथं तापमान एक दशांश अंशानं हललं, तरी दहा सेंटीमीटरच्या पोलादी स्टँडवरचा नमुना किरणाबाहेर जातो.

तापमान निदान आवरता तरी येतं. खरी डोकेदुखी फिरत्या टेबलाची. नमुन्याच्या आतलं त्रिमितीय चित्र हवं तर तो किरणासमोर फिरवायला लागतो, आणि स्पिंडल, म्हणजे टेबल फिरवणारा दांडा, म्हटला की थोडा डगमगणारच. ती डगमग मोजायला टेबलावर एक दंडगोल बसवतात, बाजूला त्याचं अंतर मोजणारा सेन्सर. आकडा हलला. आता दोष कुणाचा? स्पिंडलचा, की दंडगोलच पुरता गोल नाही?

(दृश्य : कुपवाड. सेंटरमध्ये, म्हणजे दोन टोकांना धरणाऱ्या टोकदार आधारांत, फिरणारा जॉब; त्यावर डायल, बारीक फरक दाखवणारं सुईचं मापयंत्र.)

डायलची सुई हलली की ग्राइंडिंग शॉपमध्येही हाच वाद : जॉब आऊट, म्हणजे जॉबच गोल नाही, की सेंटर आऊट, म्हणजे आधारच हललेला?

गवंडी पाणसळीची खात्री करायला ती उलटी फिरवून ठेवतो. अमेरिकेत रॉबर्ट डोनाल्डसन यांनी १९७२मध्ये मांडलेली रीत त्याच जातीची. एकदा मोजा. मग दंडगोल अर्ध्या फेऱ्यानं फिरवून बसवा, सेन्सरही समोरच्या बाजूला न्या, पुन्हा मोजा. दंडगोलाचा उंचवटा दोन्ही वेळा तसाच दिसतो. स्पिंडलची डगमग मात्र चिन्ह बदलून येते. दोन्ही मापांच्या बेरजेचं निम्मं म्हणजे दंडगोलाचा दोष, वजाबाकीचं निम्मं स्पिंडलचा. महागडा ‘निर्दोष’ दंडगोल मागवायला निघालेल्यांनी आधी हे करून बघावं.

मग प्रत्येक कोनाला किती वजा करायचं याचा तक्ता संगणकाला देतात. अट एकच : डगमग दर फेरीला तशीच यायला हवी. दर वेळी वेगळी आली तर तक्ता निरुपयोगी. तेव्हा बेअरिंगलाच हात घालावा लागतो.