नाला जिथं जमिनीत उतरतो

(दृश्य : संत्र्याची बाग, सकाळचं कोवळं ऊन, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चाललेली माणसं)

जानेवारीतली सकाळ. मृग बहाराची संत्री अजून झाडावरच आहेत, नुकता रंग धरू लागलेली. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या उत्तरेला, सातपुड्यातल्या गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी, या बागेच्या धुऱ्यावरून आमची वाट सुरू होते. सोबत पाच वर्षांची भाची, तिचा मोठा भाऊ आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई. जाऊन-येऊन तीन किलोमीटर, चढ जवळपास नाहीच.

धुरा उतरला की नाला. पण त्यात पाणी नाही, नुसते गोटे. नवा माणूस इथूनच परत फिरतो, नाला आटला म्हणतो. आटलेला नाही. तो जमिनीत उतरलाय. ते पाहायचं तर प्रवाहाच्या उलट, डोंगराकडे चालत राहायचं.

चालता चालता गोटे मोठे होत जातात. आधी लिंबाएवढे, मग नारळाएवढे, मग भाची वर बसू शकेल एवढे धोंडे. सातपुड्यातून सुसाट येणारा पूर सपाटीला आला की त्याचा जोर ओसरतो. धोंडे तो आधी टाकतो, मग गोटे, मग रेती. बारीक गाळ तेवढा पुढं पूर्णा नदीकडे नेतो. हजारो वर्षं हेच चाललंय. त्यामुळे पायथ्याला गोटे-रेतीचा जाडजूड पट्टा साचलाय आणि चाळणीतून गळावं तसं पाणी त्यात मुरतं. खाली दक्षिणेला, पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. तिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. इकडच्या विहिरी गोड आहेत, त्या या गोट्यांमुळे.

(दृश्य : ओलसर रेती, दोन म्हातारे हात)

एका वळणावर रेतीचा रंग गडद झाला. आई थांबली, खाली बसली आणि हातांनी रेती उपसू लागली. कोपरभर खोल गेल्यावर तळाशी पाणी पाझरलं. याला झिरा म्हणतात. तिच्या लहानपणी उन्हाळ्यात गावाचं पिण्याचं पाणी अशा झिऱ्यातूनच यायचं. भाचीनं लगेच ओंजळ पुढं केली.

"थांब बाप्पा, गढूय हाये ते. निवयू दे."

आईनं वाटीनं तीनदा गढूळ पाणी बाहेर फेकलं आणि झिरा तसाच ठेवून आम्ही पुढं निघालो.

पुढं दगडांच्या फटीतून पाण्याची एक बारीक धार. मग ओहोळ. मग काळ्या खडकावरून खळखळणारा खराखुरा नाला! हा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मधल्या पांढऱ्या गाठी त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या भरून झालेल्या. काठावर अर्जुनाची झाडं, साल सुटून गुळगुळीत झालेली, मुळांनी काठ घट्ट धरून उभी. भाच्यानं पाण्यातला एक दगड उलटा केला. खाली चिकटलेली, वाळूच्या कणांनी विणलेली इवलीशी नळी. आतून एक अळी डोकं काढत होती. बघून झाल्यावर त्यानं दगड होता तसाच ठेवला. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

डोह आला की थांबायचं. वरचं जंगल मेळघाटच्या वाघांचं आहे. इथं चूल पेटवू नका. रोडगे, म्हणजे विस्तवात भाजायचे कणकेचे गोळे, करायचे तर बागेत परतून करा. आणि पावसाळ्यात मुलांना नाल्यात उतरवू नका. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही पूर येतो.

(दृश्य : ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, खणलेलं पात्र)

परतताना ही जागा मुद्दाम दाखवतो. इथून रेती-गोटे ट्रॅक्टरनं उचलून नेलेत, खाली चिकट माती उघडी पडलीय. चाळणीच नेली तर पुराचं पाणी मुरणार कुठं? पलीकडे वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात जितकं पाणी मुरतं त्याहून जास्त उपसलं जातंय. तिथं बोअर आणखी खोल नेण्याआधी कोणीतरी या नाल्यात उभं राहून खाली पाहायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

झिऱ्यापाशी पोचलो तेव्हा शेपूट हलवत एक धोबी पक्षी त्याच्या कडेला पाणी पीत होता. आम्ही लांबच थांबलो. तो उडाला तशी भाची धावली, वाकली. तळाचा एकेक खडा दिसत होता.

"आजी, निवळलं!"