काटकोनात वळणारी ताकद

आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ एखाद्या गाडीचं मागचं हौसिंग उघडलेलं दिसलं, की समजायचं, डिफ्रन्शलचं, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याचं, काम निघालंय. भरलेल्या गाडीनं कसारा घाट चढून नाशिक गाठायचं, तर सगळा ताण याच डब्यावर येतो.

आत मुख्य जोडी दोन दातेरी चाकांची: मोठं क्राऊन, छोटं पिनियन. इंजिनाकडून येणारा शाफ्ट गाडीच्या लांबीत फिरतो, चाकांचा एक्सल त्याला आडवा. ही फिरकी काटकोनात वळवते ती ही जोडी. बेव्हल गियर, म्हणजे शंकूच्या आकाराची दातेरी चाकं.

साध्या गियरचा दाता या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचा. बेव्हलचा तसा नाही. बाहेर जाड, आत निमुळता. त्यामुळे एका मापाचं कटर सरळ फिरवून तो नीट पाडताच येत नाही.

या एका अडचणीवर अमेरिकेतल्या रोचेस्टरचा एक कारखाना मोठा झाला. विल्यम ग्लीसन यांनी तो १८६५ मध्ये सुरू केला. १८७४ मध्ये त्यांनी बेव्हल गियरसाठी प्लेनर, म्हणजे हत्याराच्या फटक्यांनी धातू तासणारं यंत्र, बनवलं. त्यात हत्याराचा प्रत्येक फटका शंकूच्या टोकाच्या रोखानं जायचा, म्हणून दाता आपोआप निमुळता उतरायचा. तेव्हा रस्त्यावर मोटारी नव्हत्या! पण त्या आल्या, आणि त्यांतल्या अनेकींना ही जोडी लागली.

यंत्र बनवलं, तरी ते खपायला हवं. ते काम विल्यम यांच्या मुलीनं, केट ग्लीसन यांनी, अंगावर घेतलं. १८९३ मध्ये त्या यंत्रांची गिऱ्हाइकं शोधायला युरोपात गेल्या. १९१४ मध्ये अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेनं त्यांना सदस्य करून घेतलं. तिथल्या त्या पहिल्या महिला. आमच्या मते, या गोष्टीतलं सगळ्यात दमदार पात्र त्याच.

१९१३ मध्ये कारखान्यानं वक्र दात्यांच्या स्पायरल बेव्हलचं यंत्र आणलं. वक्र दाते एकमेकांत हळूहळू शिरतात, त्यामुळे आवाज कमी. १९२०च्या दशकात हायपॉइड नावाची जोडी आली. यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसतं, म्हणून मोटारीचा शाफ्ट आणि तळ दोन्ही खाली आणता आले. पण असे दाते एकमेकांवर जास्त घासतात. साधं ऑइल तिथे टिकत नाही. गंधकाची रसायनं घातलेलं गियर ऑइल लागतं. डिफ्रन्शल उघडल्यावर नाकात जाणारा तो उग्र वास त्याचाच.

तापवून दाते कडक केल्यावर क्राऊन आणि पिनियन बऱ्याचदा एकमेकांवरच घासून जुळवतात आणि दोघांवर जोडीचा एकच नंबर टाकतात. म्हणून नुसतं पिनियन खराब झालं, तरी मिस्त्री पूर्ण सेटच बदलायला सांगतो.