ट्रॅम्पोलीन, पाहुण्यांची मुलं आणि घराची पॉलिसी

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर एका निवृत्त विमा एजंटने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मला दिलेला विषय होता ‘घराची पॉलिसी कशी वाचावी’. तो मी ट्रॅम्पोलीनवर आणला, कारण पॉलिसी वाचायला काढली की मागच्या रांगा जेवणाच्या हॉलकडे सरकतात, हा माझा अनुभव आहे. हात वर करा बघू, कोणाच्या बॅकयार्डात ट्रॅम्पोलीन आहे? छान. आता ज्यांनी ते आपल्या एजंटला सांगितलंय, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, सगळे खाली!

‘कंपनीला कळणार कसं?’ असं मनात म्हणताय ना? हल्ली कंपन्या रिन्यूअलच्या आधी विमानातून किंवा ड्रोनमधून काढलेले फोटो बघतात. बघायचं असतं छप्पर, आणि सापडतो ट्रॅम्पोलीन. वर ताडपत्री टाकलीत तर गोल ताडपत्री दिसते.

वस्तू अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली. जॉर्ज निसेन नावाच्या जिम्नॅस्टने आपल्या प्रशिक्षकाबरोबर 1930च्या दशकात ती बनवली. पुढे विक्री वाढावी म्हणून या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात चक्क कांगारूबरोबर उड्या मारतानाचा फोटो काढून घेतला. जरूर बघा. दोघंही प्रौढ, त्यामुळे माझी हरकत नाही. 2000 साली सिडनीला ट्रॅम्पोलीन ऑलिम्पिकमध्ये गेला. पण त्याच्या वर्षभर आधी, 1999 मध्ये, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगून टाकलं होतं की ही वस्तू घरी नको. 2012 मध्ये पुन्हा सांगितलं. सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकापेक्षा जास्त जण उड्या मारत असताना होतात, आणि त्यात लागतं ते बहुतेक लहानग्याला. आता मला सांगा, वाढदिवसाला एकेकट्याने उड्या मारायला कोण बोलावतं?

माझं खरं भांडण ट्रॅम्पोलीनशी नाहीच. ते एका वाक्याशी आहे: ‘आपलीच माणसं आहेत हो, केस कोण करणार?’

माझं एक गिऱ्हाईक. पॉलिसी दुसऱ्याकडून घेतलेली, माझ्याकडे आले ते सगळं झाल्यावर. तशीच पद्धत आहे आपल्याकडे. मुलाचा वाढदिवस, अंगणात पोरांचा धुडगूस. बारा वर्षांचा दांडगा चुलतभाऊ खाली आला आणि सात वर्षांचा पाहुणा वर उडाला. पडला तो जाळीच्या आतच, पण हातावर. कोपराचं हाड मोडलं. रात्रीच ऑपरेशन, आत पिना. यजमानीणबाई दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि मेतकूट घेऊन हजर. मुलाचे आईवडील म्हणाले, ‘अहो, मुलंच ती, चालायचंच.’ इथपर्यंत सगळं आपल्या रीतीने.

मग मुलाच्या वडिलांना हेल्थ इन्शुरन्सकडून फॉर्म आला. अपघात कुठे झाला? जागा कोणाची? त्यांचा विमा कोणाकडे? वडील इंजिनियर. रकाना रिकामा ठेवणं म्हणजे पाप. कॅपिटल अक्षरांत मित्राचं नाव, पत्ता, सगळं लिहिलं. त्यांना वाटलं, त्याशिवाय ऑपरेशनचं बिल पास होणार नाही. आणि काही महिन्यांनी यजमान मित्राच्या दारात हेल्थ प्लॅनच्या वकिलाचं पत्र: ऑपरेशनचा खर्च भरून द्या.

न्यू जर्सीचा कायदा हेल्थ इन्शुरन्सवाल्यांना सहसा आपला खर्च असा दुसऱ्याकडून वसूल करू देत नाही. पण तुमच्यापैकी बहुतेकांच्या मोठ्या कंपन्यांमध्ये प्लॅन सेल्फ-फंडेड असतो, म्हणजे पैसा नोकरी देणाऱ्या कंपनीचाच. त्याला 1974चा एरिसा हा केंद्राचा कायदा लागतो, आणि तिथे राज्याचा कायदा बाजूला पडतो. म्हणजे केस मुलाच्या वडिलांनी केलीच नव्हती. पण पत्रात नाव त्यांच्या मुलाचं. यजमानांनी पत्र वाचलं, मित्राला फोन केला नाही, आणि त्या वर्षी गणपतीच्या आरतीला दोन कुटुंबं हॉलच्या दोन टोकांना उभी. यजमानांच्या पॉलिसीला मागे एक पुरवणी जोडलेली होती, तिच्यात ट्रॅम्पोलीन साफ वगळलेला. वगळला म्हणजे कंपनी पैसे देत नाही एवढंच नव्हे, वकीलही देत नाही. शेवटी तडजोड झाली, स्वतःच्या वकिलाच्या फीसकट यजमानांच्या खिशातून. मैत्रीची तडजोड काही झाली नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? वडे तळायला घेतले वाटतं. मग भराभर सांगतो.

पॉलिसीत कव्हरेज ई म्हणजे लायबिलिटी, दुसऱ्याला इजा झाली तर तुमच्यावर येणारी भरपाईची जबाबदारी. एक लाख डॉलर बऱ्याच पॉलिसींत असतात. तीन किंवा पाच लाख करून घ्या, प्रीमियममध्ये फरक फार पडत नाही. कव्हरेज एफ म्हणजे पाहुण्यांचा औषधोपचार, चूक कोणाची ते न विचारता. रक्कम लहान, बहुधा एक ते पाच हजार. हे दोन्ही पाहुण्यांसाठी. तुमचं स्वतःचं मूल पडलं तर यातलं काही नाही.

ट्रॅम्पोलीनबाबत कंपन्यांचे तीन प्रकार: काही मुकाट्याने घेतात, काही जाळी आणि कुंपणाची अट घालतात, काही वगळतात किंवा पॉलिसीच देत नाहीत. आपली कुठली, ते लेखी विचारा. वर दहा लाख डॉलरची अम्ब्रेला, म्हणजे घराच्या पॉलिसीवरची जादा लायबिलिटी पॉलिसी, घेतलीत तर तिच्यातही वगळलेला नाही ना, ते बघा.

न विचारता घुसलेल्या मुलाचं काय? नेब्रास्कात रेल्वेच्या इंजिन वळवायच्या फिरत्या चक्रावर खेळताना एका सहा वर्षांच्या मुलाचा पाय चिरडला, आणि 1873 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रेल्वेलाच जबाबदार धरलं. मुलांना खेचून घेणारी वस्तू ठेवली की ‘आमंत्रण नव्हतं’ हा बचाव लंगडा पडतो. कुंपणाला कुलूप लावा, शिडी काढून आत ठेवा.

‘काही झालं तर जबाबदारी आमची’ अशी पालकांची सही? 2006 मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने स्केट पार्कच्या प्रकरणात ठरवलं की पालकाच्या आगाऊ सहीने मुलाचा दावा बुडत नाही. तिथे छापील करारनाम्याची ही गत, तर तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या ‘आपापल्या जबाबदारीवर पाठवावे’ची काय कथा! आणि दावा करायची मुदत मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षं. सात वर्षांच्या पाहुण्याचं प्रकरण तेरा वर्षं उघडं.

जमिनीत खड्डा करून बसवलेला चालतो का, असं कोणीतरी विचारलं. पॉलिसीच्या लेखी तोही ट्रॅम्पोलीनच. आणि हो, सुटा करून गॅरेजमध्ये ठेवलात तर एजंटला तेही कळवा, फोटोसकट.