कात्री लावण्याआधी

नमस्कार. आपल्याकडे शिवणकामात एक सुंदर शब्द आहे : बेतणं. आई म्हणायची, "आज परकर बेतायला घेतलाय." कापायला घेतलाय, असं ती कधी म्हणाली नाही. कात्री चालते पाचदहा मिनिटं. कपडा अंगावर कसा बसणार, ते मात्र त्याआधीच ठरलेलं असतं.

सुती कापड आणलंत की आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा. आटायचं तेवढं शिवण्याआधीच आटू दे. मग धागा शोधा. दुकानात कात्रीनं कापून दिलेलं टोक बहुतेक वेळा तिरकं असतं. काठाशी लहानशी चीर द्या, सुईच्या टोकानं एक आडवा धागा उचला आणि हळूहळू ओढा. कापडाला चुण्या पडत जातील. धागा निघाला की तिथे केसासारखी बारीक रेघ दिसते, तिच्यावरून कापा. धागा मध्येच तुटला तर तिथवर कापून पुन्हा त्याचं टोक धरायचं. उभा धागा काठाला समांतर असतो. कुडत्याचा मध्य त्याच्यावरच यायला हवा, नाहीतर दोन धुण्यांत बाजूची शिवण फिरून पोटावर येते.

आता घडी. आपण सवयीनं काठाला काठ लावतो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 44 इंचांचा असेल तर 22 इंच दुपदरी कापड मिळतं. कुडत्याच्या पाव भागाला माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड, धरून 14 इंच लागले, तर बाजूला 8 इंचांचा दुपदरी पट्टा उरतो. त्यात 15 इंच रुंदीची बाही बसत नाही, म्हणून ती खाली काढावी लागते आणि कापड जास्त लागतं. त्याऐवजी एकच काठ आत घ्या, फक्त 14 इंचांची घडी घाला. आता बाजूला 16 इंचांचा एकपदरी पट्टा सलग मिळतो. दोन्ही बाह्या त्यात एकीखाली एक बसतात, वर खिशापुरतं कापडही उरतं. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

पण एकपदरी कापडावर दुसरी बाही आखताना कागद उलटा ठेवायला विसरू नका. बहिणीच्या कुडत्याला मी विसरले होते. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या आणि तसं कापड पुन्हा कुठे मिळालं नाही. फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक कागदावर 'डावी', 'उजवी' असं लिहिते आणि सगळे भाग मांडून झाल्याशिवाय कात्री हातात घेत नाही.

कापताना कापड उचलू नका. कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकलेलंच राहू दे, दुसरा हात कापडावर सपाट ठेवा. मागचा आणि पुढचा भाग एकत्र कापलात, तर पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो गोलावा, नंतर अर्धा इंच आणखी खोल घ्या. बाजूच्या शिवणीला माया सढळ ठेवा, इंच-दीड इंच. मुलींच्या कपड्यांना तर नक्कीच, पुढच्या वर्षी उसवून सैल करता येतात.

आता इकडे टेबलापाशी या. हे कापड भिजवून आणलंय, अजून धागा काढलेला नाही. पहिला धागा कोण ओढतंय?