परीक्षक बाहेरचा आहे

(वडोदऱ्यात फत्तेगंज भागात मराठी ख्रिस्ती मंडळीच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान. बोललेले वाचता यावे म्हणून थोडे आवरून घेतले आहे.)

पाळकसाहेब, वडीलजन, बंधुभगिनींनो, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्याकडून मुद्दाम आलेले आमचे पाहुणे, सर्वांना सलाम.

एकमेकांवरची प्रीती ही खऱ्या ख्रिस्ती विश्वासाची खूण, असा विषय मला दिला आहे. यावर आपण इतकी प्रवचने ऐकली आहेत की मी पहिले वाक्य म्हटले तर दुसरे तुम्हीच म्हणाल. म्हणून जरा आडवाटेने जातो. पाहुण्यांनी मात्र हा घरचा मामला समजून चुळबुळ करू नये. या विषयात तुमचे काम आमच्यापेक्षा मोठे आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आहेत. यहूदा इस्कर्योताचेही धुतले आहेत, हे आपण वाचताना घाईने ओलांडतो. मग यहूदा घास घेतो आणि बाहेर पडतो. रात्र होती, असे योहान लिहितो. तो गेल्यावर प्रभू नवी आज्ञा देतो, आणि आज्ञा संपते न संपते तोच पेत्राला सांगतो की कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. म्हणजे एका बाजूला विश्वासघात, दुसऱ्या बाजूला नकार आणि मध्ये ही आज्ञा. एकमेकांशी छान जमणाऱ्या माणसांच्या सहलीत ती दिलेली नाही. ज्या पंगतीतला एक जण नुकताच उठून गेला आणि दुसरा पहाटेपर्यंत उलटणार आहे, त्या पंगतीत ती दिली.

आणि पस्तिसावे वचन: ‘तुमची एकमेकांवर प्रीती असली म्हणजे त्यावरून सर्व ओळखतील की, तुम्ही माझे शिष्य आहात.’ ओळखणार कोण? सर्व. म्हणजे पाळक नव्हे, सिनड (मंडळ्यांची धर्मसभा) नव्हे, बिशपसाहेब नव्हेत. आपण खरे ख्रिस्ती आहोत की नाही हे ठरवण्याचा अधिकार प्रभूने आपल्याकडे ठेवलाच नाही. परीक्षक बाहेरचा आहे. मघाशी पाहुण्यांना मी म्हटले ते यासाठी.

बाहेरच्यांनी पूर्वी काय लिहून ठेवले आहे, ते थोडक्यात पाहू. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात तेर्तुल्लियन नावाचा लेखक होऊन गेला. इ.स. १९७ च्या सुमारास त्याने ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. तो सांगतो की लोक आमच्याकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, यांचे एकमेकांवर कसे प्रेम आहे! हे कौतुकाने म्हटलेले नाही बरे का. नावे ठेवण्यासाठीच म्हटले आहे. पण टोमणा मारायलासुद्धा त्यांना हीच गोष्ट सापडली. त्याच ठिकाणी मंडळीच्या पेटीतले पैसे कुठे जातात याचा हिशेबही त्याने दिला आहे: गरिबांचे जेवण, गरिबांची मूठमाती, अनाथ मुले, म्हातारे झालेले घरगडी, जहाज फुटून उघडे पडलेले लोक, विश्वासापायी खाणीत किंवा तुरुंगात डांबलेले. दीडशे-दोनशे वर्षांनी सम्राट ज्युलियन आला. रोमी साम्राज्याला पुन्हा जुन्या देवतांकडे वळवायला निघालेला हा माणूस, आपला कोणी मित्र नव्हे. आपल्या एका पुजाऱ्याला पत्र लिहून तो चिडतो की हे गालीली, म्हणजे ख्रिस्ती लोक, त्यांचे गरीब तर पोसतातच, वर आपलेही पोसतात. विरोधकाने दिलेला हा दाखला मला सगळ्या संतचरित्रांपेक्षा वजनदार वाटतो.

हे झाले दूरचे, आणि आपल्या बाजूचे. आता जवळचे घेतो, आपल्या बाजूचे नसलेले.

इथून कमाटीबाग किती लांब आहे? पायी जाता येते. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीसाठी आले, हे आपल्या गावात सर्वांना ठाऊक आहे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, मग लंडनमध्ये शिकलेला माणूस. राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया भाडे देऊन, पारशी असल्याचे भासवून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यातून वर आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली करण्याचा हुकूम झाला. इतके सर्वांना माहीत असते. त्यानंतरच्या काही तासांत काय झाले ते बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, आणि आपल्या मंडळीत ते फारसे वाचले जात नाही. का, ते तुमच्या लक्षात येईलच.

गावात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र भला माणूस, हकीकत ऐकून संतापला, हळहळला. पण म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. बाबासाहेब समजले. ख्रिस्ती मित्राकडे जायला ते कचरत होते, कारण त्याने पूर्वी एकदा राहायला बोलावले असता त्यांनीच नको म्हटले होते. तरी शेवटी गेले. मित्राने उत्तर दिले: उद्या बायको बडोद्याला येते आहे, तिला विचारावे लागेल. ते उत्तर किती मुत्सद्दी होते हे बाबासाहेबांना मागाहून कळले. नवराबायको दोघेही मूळच्या ब्राह्मण घराण्यातले. धर्मांतरानंतर नवरा विचाराने उदार झाला होता, बायको मात्र जुन्या वळणाचीच राहिली होती आणि तिने अस्पृश्याला घरात ठेवून घेतले नसते. त्या घरातून ते निघाले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधला वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला, आईवडिलांची आठवण काढत.

इथे मला थोडे थांबायचे आहे. गावातले लोक त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात, आदराने जातात. आपणही जावे. पण आपण जाऊ तेव्हा इतके लक्षात असावे, की बागेत येण्यापूर्वी ते ज्या दारातून परत फिरले ते आपले होते. पारश्यांनी काय केले याचा हिशेब पारशी देतील. तिसरे दार ख्रिस्ती माणसाचे होते.

यावर तीन गोष्टी ऐकू येतात. पहिली, आपले काही उत्साही बंधू हळूच म्हणतात: ते दार उघडले असते तर कदाचित बाबासाहेब ख्रिस्ती झाले असते. असे कोणी म्हणू नये. येवल्याची घोषणा १९३५ ची, नागपूरची दीक्षा १९५६ ची. मधली वीसेक वर्षे त्या माणसाने धर्मांचा अभ्यास करून, पारखून निर्णय घेतला. एका रात्रीच्या आसऱ्यावर तो फिरला असता असे मानणे हा त्यांचा अपमान आहे, आणि आसरा हे आमिष मानणे हा सुवार्तेचा.

दुसरी: बाबासाहेब ख्रिस्ती नव्हते, आणि आज्ञा तर ‘एकमेकांवर’ अशी आहे, तेव्हा ती इथे लागू कुठे? वकिलाला शोभेल असा मुद्दा. पण त्या बाईंची अडचण पाहुण्याच्या धर्माची नव्हती, जातीची होती. बाप्तिस्मा घेतलेला महार दारात उभा असता तरी त्यांनी हेच केले असते. म्हणजे जे दार बाहेरच्याला बंद होते, ते मंडळीतल्या भावालाही बंदच होते. प्रभुभोजनाला एका प्याल्यातून प्यायचे आणि घरी पाण्याचा पेला वेगळा ठेवायचा, हे दोन्ही एकाच आठवड्यात चालत होते.

तिसरी: बाई जुन्या वळणाची, तिला बोल कशाला? मी तिला बोल लावतच नाही. उलट तिची बाजू आपण ऐकलेलीच नाही. मला जास्त ओळखीचा वाटतो तो नवरा. विचाराने पुढे गेलेला, वेळ नसताना ‘या की राहायला’ म्हणणारा आणि वेळ आल्यावर घरच्यांचे नाव पुढे करणारा. असे आपण पुष्कळ आहोत.

आणि त्याच्या सोबतीला बसवायला शास्त्रात मोठा माणूस आहे: पेत्र. प्रेषित पौलाचे गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसे आली आणि तो हळूहळू अंग काढून वेगळा बसू लागला. मत बदलले म्हणून नव्हे. आपले लोक काय म्हणतील, या भीतीने. त्याचे पाहून बर्णबाही सरकला. पौलाने सर्वांदेखत, तोंडावर जाब विचारला. ज्याचे पाय प्रभूने स्वतः धुतले होते त्याच पेत्राची ही गोष्ट. त्यामुळे बडोद्याच्या त्या अनामिक गृहस्थाला नावे ठेवताना जरा बेताने.

करिंथची मंडळी तर आणखी पुढची. तिथे प्रभुभोजनाच्याच वेळी ज्यांच्याकडे होते ते आधी खाऊन-पिऊन तर्र, आणि ज्यांच्याकडे नव्हते ते उपाशी. हे प्रभुभोजन नव्हेच, असे पौल सरळ लिहितो. विधी बरोबर होता की नाही हे तो विचारत नाही. शेजारचा जेवला का, एवढेच विचारतो.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर सगळेच त्या घरासारखे होते असे वाटेल. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाई तेव्हा कडक सोवळ्यातल्या. नवऱ्याने धर्म सोडला तरी त्यांनी तो सोडला नाही. पुढे एकत्र राहू लागल्यावरही आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे. मग त्यांचा विचारच पालटला: हे भेद देवाचे नव्हेत, माणसांनी पाडलेले. आणि त्या सर्वांच्या हातचे घेऊ लागल्या. गंमत अशी की हे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधी झाले. एक बाई ख्रिस्ती म्हणवण्याआधी सोवळे सोडते, दुसरी ख्रिस्ती झाल्यावरही धरून ठेवते. यातली कोणती खूण बाहेरच्याला दिसेल, हे मी सांगायला नको.

आता आजचे. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती कब्रस्तानात दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत आहे, हे आपण ऐकून हळहळतो. दक्षिणेकडे बोट दाखवणे सोपे असते. आपल्याकडे भिंत नाही, आपल्याकडे प्रश्न आहे. उपासना झाल्यावर नव्या कुटुंबाशी हात मिळवतो, चहा पुढे करतो आणि मग विचारतो, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ समोरचा म्हणतो, नगरकडचे. ‘हो, पण मूळचे?’ या दुसऱ्या ‘मूळचे’चा अर्थ या सभागृहातल्या प्रत्येकाला कळतो. सोयरीक जमवताना तर तो पहिल्याच दमात विचारला जातो. महार-मातंगांतली जुनी तेढ आपल्याबरोबर बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरली आणि कोरडीच बाहेर आली. गुजरातीभाषक मंडळी, मल्याळी मंडळी, आपली मराठी, सगळ्या या एकाच गावात; नाताळात एकमेकांच्या घरी फराळाचे ताट किती जणांकडे जाते?

कोर्टाचे तर बोलूच नये. देशभर मंडळ्यांच्या जमिनींवरून भाऊ भावावर दावे लावून बसले आहेत. करिंथकरांना पौलाने नेमके यावरूनच खडसावले होते: त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नागवले का जात नाही? पण तो अध्याय वार्षिक सभेत वाचण्याची पद्धत नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका तरुण बहिणीने मला विचारले, मनात प्रीती येतच नसेल तर करायचे काय? ओढून-ताणून आणलेली खोटी नाही का? प्रामाणिक प्रश्न आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात मन उचंबळून येण्याची अट कुठे दिसत नाही. तिथे म्हटले आहे की कोणाजवळ संसाराची साधने आहेत, भाऊ गरजवंत दिसतो आहे आणि तरी तो त्याचा कळवळा येऊ देत नाही, तर देवाची प्रीती त्याच्या ठायी राहील कशी? आणि लगेच: शब्दाने किंवा जिभेने नव्हे, कृतीने. साधन आणि गरज समोरासमोर आली की तिथे प्रीतीचा प्रश्न उभा राहतो. ताट वाढा, खोली द्या, दवाखान्यात रात्रीला बसा. मन मागून येते. कधी येतही नाही. तरी ताट वाढलेले असते.

एक पत्र सांगतो आणि थांबतो. फिलेमोनाला लिहिलेले, पंचवीस वचनांचे. कलस्सै गावचा फिलेमोन घरंदाज, ख्रिस्ती. मंडळी त्याच्याच घरात जमते. त्याचा दास अनेसिम त्याच्यापासून दुरावला, पौलाच्या हाती लागला आणि विश्वासात आला. पौल त्याला परत पाठवतो आणि लिहितो: दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून घे, मला घेशील तसा त्याला घे. म्हणजे त्याच घरात, त्याच पंगतीत. दासाला!

पण त्या पत्राचा मायना पाहा. पत्र एकट्या फिलेमोनाला नाही. पहिल्या दोन वचनांत फिलेमोनाबरोबर भगिनी अफ्फियाचे नाव आहे, जी त्याची बायको असावी असे परंपरेने मानतात, आणि घरात जमणाऱ्या सगळ्या मंडळीचेही. पत्र मोठ्याने वाचले जाणार, बाई ऐकणार, शेजारी ऐकणार. ‘बायकोला विचारावे लागेल’ हे म्हणायची सोय पौलाने पहिल्या ओळीतच बंद करून टाकली. आणि बाविसाव्या वचनात, जाता जाता: माझ्यासाठीही राहायची खोली तयार ठेव, मी येणार आहे.