थँक यू म्हण, दुसरं काही म्हणू नकोस

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात, लेकीकडे न्यू जर्सीला आलेल्या नागपूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार.

तिळगुळ सगळ्यांनी घेतला, तेव्हा गोड बोलायची जबाबदारी आता तुमच्यावर. माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मी नागपूरची, त्यातही जुन्या महाल भागातली. आम्ही पोह्यांवरसुद्धा तर्री ओततो.

अध्यक्षांनी माझी ओळख 'शिक्षणतज्ज्ञ' अशी करून दिली. बाप्पा! मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला तो विषय. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं तो वाचायची आणि परीक्षेच्या संध्याकाळी विसरायची. सध्या माझ्याकडे डिशवॉशर रिकामा करण्याचं खातं आहे. त्यातही कप चुकीच्या फळीवर ठेवते अशी तक्रार आहे.

आज मी बोलणार होते विदर्भातल्या सणांवर. कागद लिहून तयार होता. तान्हा पोळा, त्या दिवशी पोरांना मिळणारा बोजारा, गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक, सगळं होतं त्यात. पण डिसेंबरात आमच्या घरी एक भांडण झालं आणि तो कागद माझ्या कामाचा राहिला नाही. भांडणाची गोष्ट सांगायला मी जावईबापूंची परवानगी घेतली आहे. अर्धी दिली आहे त्यांनी. उरलेल्या अर्ध्याचं घरी गेल्यावर बघू.

नात सातवीत आहे. तिच्या शाळेत गाण्यांचा कार्यक्रम होता, नाव 'विंटर कॉन्सर्ट'. बर्फाचं गाणं, घंटांचं गाणं, ज्यूंच्या हनुका सणाचं एक गाणं. बाळ येशूचा कुठे पत्ता नाही. घरी येताना गाडीत जावईबापू सुरू झाले. "ख्रिसमसला ख्रिसमस म्हणायला घाबरतात हे लोक. हॅप्पी हॉलिडेज म्हणे! कसले हॉलिडेज? यांच्या या पॉलिटिकल करेक्टनेसला घेऊन जा गे मारबत!" मी हसले. नागपूरच्या माणसाला सिग्नलवर थांबलेल्या गाडीत मारबत आठवावी, याहून मोठा आनंद तो काय?

मागच्या सीटवरून नात म्हणाली, "बाबा, आपण पण हॅप्पी हॉलिडेजवालेच आहोत ना? आईने मला काही म्हणूच दिलं नव्हतं, खीर आली तेव्हा."

ही खीर कुठली, ते सांगते. 14 ऑक्टोबरला शेजारच्या रस्त्यावरच्या एका घरून खिरीचा डबा आला होता. घर आपलंच, मराठी, बौद्ध, मूळ नागपुरातल्या इंदोऱ्याचं. त्यांची मुलगी आमच्या नातीच्या वर्गात आहे. 14 ऑक्टोबर म्हणजे 1956 च्या दसऱ्याला बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला ती तारीख, हे या सभागृहात तरी सांगायला नको. नातीने आईला विचारलं, "मी तिला काय म्हणू? हॅप्पी दसरा?" लेक म्हणाली, "नको नको. थँक यू म्हण. दुसरं काही म्हणू नकोस." डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून त्यात चिवडा भरून पाठवला. आपल्यात रीतभात फार.

लेकीचा हेतू वाईट नव्हता. चुकीचं काही बोललं जाऊ नये, कोणी दुखावलं जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. पण मग हॅप्पी हॉलिडेज म्हणणाऱ्या त्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या मनात तरी दुसरं काय असतं? ते निदान काहीतरी म्हणतात. यावरून गाडीत जे पेटलं, ते घरी भाजी निवडेपर्यंत चाललं.

आता माझ्यातली नागरिकशास्त्राची बाई जागी होते, थोडं सहन करा. या देशात सणांची ही ओढाताण आजकालची नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. दंड लावणारे कोण? कट्टर ख्रिश्चन प्युरिटन. बायबलात हा सण सांगितलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. तो कायदा 1681 मध्ये गेला आणि 1870 मध्ये त्याच नाताळची संघराज्याची सुट्टी झाली. 1989 मध्ये पिट्सबर्गचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोर्टाच्या इमारतीत भव्य जिन्यावर येशूजन्माचा देखावा मांडला होता, तो घटनेत बसत नाही असा निकाल लागला. दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ख्रिसमसच्या झाडाशेजारी ज्यूंचा मेनोरा, म्हणजे हनुकाची दिव्यांची समई, उभा होता, तो मात्र चालेल म्हणाले. मोठमोठे न्यायाधीश कशाशेजारी काय ठेवलंय हे बघत बसलेत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं. आपल्याकडे गौरींच्या आराशीवरून जावाजावांत याहून कमी चर्चा होत नाही म्हणा.

गंमत अशी की दोन्ही देश म्हणतात, सरकारला धर्म नाही. पण इकडे सरकार आपल्या भिंतीवर कोणाचंही चित्र लावताना दहा वेळा विचार करतं आणि आपल्याकडे सरकार सगळ्यांची सुट्टी देतं. बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती, गुरुनानक जयंती, ईद, मोहरम, गुड फ्रायडे. शाळेत आम्ही सांगायचो, ही बघा सर्वधर्मसमभावाची यादी. मुलांना त्यातलं एकच कळायचं, उद्या शाळा नाही. कोणाचा सण, कशाचा सण, हे विचारायला शेजारी कोणी गेलं नाही. सुट्टी मिळाली की विषय संपला.

आणि आता आपण इकडेही तेच मागतोय. मागायला हरकत नाही, मीही सही केली आहे, जावईबापूंनी फोन पुढे केला म्हणून. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा 2023 मध्ये झाला. पेनसिल्व्हेनियाने 2024 मध्ये दिवाळीला मान्यता दिली, कॅलिफोर्नियाने 2025 मध्ये. 2016 मध्ये पोस्टाने दिव्याचं तिकीट काढलं तेव्हा लेकीने त्याचा फोटो मला पाठवला होता. मी शेजाऱ्यांना दाखवत फिरले, जणू तिकिटावर आमच्याच देव्हाऱ्यातली समई होती. अभिमान वाटायलाच हवा. पण न्यूयॉर्कच्या त्याच शाळांच्या वेळापत्रकात ईद आणि चांद्र नववर्ष 2015 मध्येच आलं होतं, हे आपल्या ढोलताशाच्या मिरवणुकीत कोणी बोललं का? आपण जिथून आत आलो, तो रस्ता आधी त्यांच्या वर्दळीने मळलेला होता.

आणि आपलं मंडळ? मी आल्यापासूनचे कार्यक्रम बघतेय. दिवाळी पहाट झाली, कोजागरी झाली, आता संक्रांत. छान झाले. भरजरी पैठण्या इतक्या सुंदर की मी माझी साधी नागपुरी साडी नेसून मागच्या रांगेत बसले. पण फलकावर 'मराठी मंडळ' लिहिलंय आणि आत सगळं एकाच देव्हाऱ्यातलं आहे. कोणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मेरीलँडमध्ये अकोकीक नावाच्या गावी 14 ऑक्टोबर 2023 ला बाबासाहेबांच्या मोठ्या पुतळ्याचं अनावरण झालं. घडवणारे आपले धुळे जिल्ह्यातले राम सुतार. इथून गाडीने जाऊन यायच्या अंतरावर आहे. नायगारा तुम्ही प्रत्येक पाहुण्याला दाखवता, मलाही दाखवलात, भिजवलंत. अकोकीकला किती जण गेलात? हात वर करू नका, मला अध्यक्षांना अडचणीत आणायचं नाही.

तुम्ही म्हणाल, नागपूरच्या बाईने आम्हाला शिकवू नये. बरोबर आहे. मी या वेळी दसरा करून निघाले. 2 ऑक्टोबर 2025, एकाच दिवशी गांधीजयंती, दसरा, रेशीमबागेत संघाची शताब्दी आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन. रेशीमबागेत माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद पाहुणे होते. तिकडे दीक्षाभूमीकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं, कडेवर लेकरं, हातात पुस्तकांच्या पिशव्या, चालून राह्यली आहेत ती चालूनच राह्यली आहेत. जगात कुठल्या शहराच्या वाट्याला असा दिवस येत असेल? आणि आमच्या गल्लीत त्यावर चर्चा काय? "लक्ष्मीनगरकडून जाऊ नका, रस्ते बंद आहेत." 1956 पासून आमच्याकडून दीक्षाभूमीला जाणारा शुभेच्छासंदेश हाच आहे. रात्री घरोघरी सोनं द्यायला जातो आम्ही. कोणत्या घरी जायचं नाही, हे कोणी सांगितलेलं नसतं, तरी पाय आपोआप वळतात.

म्हणजे 'दुसरं काही म्हणू नकोस' हे लेक न्यू जर्सीत शिकली नाही. ते तिने सोबत आणलं, लोणच्याच्या बरणीबरोबर.

तरी पण त्याच गावात दुसरंही आहे, ते सोडून देता येत नाही. सूफी अवलिया ताजुद्दीन बाबांना रघुजीराव भोसल्यांनी आपल्या वाड्यात ठेवून घेतलं. राजा हिंदू, बाबा मुसलमान, आणि भांडेवाल्यापासून वकिलापर्यंत सगळं नागपूर दर्शनाला. बाबा गेले 1925 च्या ऑगस्टात आणि त्याच वर्षीच्या दसऱ्याला संघाची स्थापना झाली. एकाच गावाच्या एकाच वर्षात दोन्ही मावलं. माझी आई ताजबागेतल्या बाबांच्या दर्ग्याचा धागा हाताला बांधून एकादशी करायची. तिला कोणी विचारलं असतं की हे कसं काय, तर ती म्हणाली असती, "काहून? त्यात काय झालं?" पोद्दारेश्वर मंदिराची रामनवमीची शोभायात्रा निघते तेव्हा मुसलमान मंडळी तिचं स्वागत करतात, हे तुमच्यातल्या अर्ध्यांनी पाह्यलंय. नाताळात आम्ही पोरी सदरच्या चर्चला देखावा बघायला जायचो, खरं तर केकसाठी. तिथल्या बाई दारातच "मेरी ख्रिसमस, या" म्हणायच्या. तुम्ही कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पण मी उगाच गहिवरून जाणार नाही. मार्च 2025 मध्ये माझ्याच महालात दगडफेक झाली, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. दूध आणायला बाहेर पडता येत नव्हतं. तीच गल्ली, जिथून पिवळी मारबत आणि काळी मारबत बघायला आम्ही ओट्यावर जागा धरून बसायचो. त्यानंतर शेजारच्या एका घरी ईदला 'मुबारक' म्हणावं की नाही, यावर आमच्या भजनी मंडळात कुजबुज झाली. म्हणणारीची बाजू ठरणार आणि न म्हणणारीचीही ठरणार. इकडे तुम्हाला पॉलिटिकल करेक्टनेसचा राग येतो. आमच्याकडे साधी शुभेच्छा हीच राजकीय सही झाली आहे. त्यापेक्षा मला त्या विंटर कॉन्सर्टचा मुख्याध्यापक बरा वाटतो. भित्रा असेल, पण त्याच्या भित्रेपणाने कोणाचं दुकान जळत नाही.

जावईबापूंचं एक म्हणणं मात्र मी मान्य केलंय. नाव पुसून सण मोठा होत नाही. ख्रिसमस म्हणा, हनुका म्हणा, ईद म्हणा, धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणा. जीभ अडखळली तर अडखळू द्या. चुकीचं नाव घेतल्याबद्दल एक टोमणा खाल्ला तर काही बिघडत नाही. मारबतीबरोबर निघणाऱ्या आमच्या बडग्यांच्या पुतळ्यांना गावभर शिव्या खाव्या लागतात, ते तक्रार करतात का?

पण नात माझ्यापेक्षा पुढची निघाली. मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी तुझ्या मैत्रिणीच्या घरच्यांना मंडळात बोलावू, 14 ऑक्टोबर आपणही साजरा करू. तिने विचारलं, "आजी, कार्यक्रम सुरू होताना सगळे गणपतीच्या फोटोला हार घालतात, आरती करतात. तेव्हा ते काय करतील?" मैत्रिणीने तिला बावीस प्रतिज्ञा सांगितल्या होत्या. गौरी-गणपतीची पूजा करणार नाही, हे त्यात आहे. त्या घरात त्या प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत, शोभेसाठी नाही.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना बोलावून आरतीला उभं करायचं, हा मान नव्हे. आरती आधी उरकून मग त्यांना यायला सांगायचं, म्हणजे मागच्या दाराने बोलावल्यासारखं. आरतीच काढून नुसतं दीपप्रज्वलन ठेवायचं, तर आपलंही झालं की विंटर कॉन्सर्ट! मग जावईबापू मला मारबतीबरोबरच पाठवतील. आणि मुळात त्या घराला आपल्या मंडळात यायचं आहे का, हे तरी कोणी विचारलंय? त्यांची आपली मंडळं आहेत, 14 एप्रिलला ते भरगच्च कार्यक्रम करतात. त्यांना आपली उणीव भासते असं मी परस्पर का समजावं?

लेक म्हणते, आई, तू विषय फार ताणतेस. नात म्हणते, मी विचारू का तिला? जावईबापू म्हणतात, कार्यकारिणीत मांडतो. कार्यकारिणीत मांडलेल्या गोष्टींचं काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी उन्हाळ्याच्या आत परत जाणार, संत्र्यांचा मृग बहार संपायच्या आत. ऑक्टोबरात इथे नसेन. तुमच्यापैकी कोणाला यातून काही वाट दिसत असेल तर जेवणाच्या रांगेत मला गाठा. मी भरल्या वांग्यांपाशी असेन. भाजी फारच मिळमिळीत झाली आहे असं मघाशी चाखून कळलंय, तेवढं स्वयंपाक समितीने मनाला लावून घेऊ नये.