मंगळवारचं जंगल

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबरात स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोमला, दुपारी तीन वाजायच्या आतच सूर्य मावळतो. ऑफिस सुटेपर्यंत बाहेर मिट्ट काळोख. अशा वेळी माणसं पांघरूण ओढून घरात बसत असतील, असं आपल्याला वाटतं. बसतातही काही. पण वस्ती संपून झाडी लागते, तिथून खांबांवर दिवे लावलेली एक वाट आत शिरते आणि दोन-पाच किलोमीटरांचा फेरा मारून परत येते. तिला तिथे 'एल-युस-स्पोर' म्हणतात. छोट्या गावांतूनही अशी वाट सापडते. एरवी लोक तिच्यावर धावतात, भरपूर बर्फ पडला की तिच्यावरच स्कीसाठी खाचा पाडतात. उत्तरेत 'कुंग्सलेदन' नावाची साधारण ४४० किलोमीटरची प्रसिद्ध डोंगरवाट आहे, पण तिथे जायचं म्हणजे रजा काढायला हवी. मला जास्त अप्रूप वाटतं ते मंगळवारी संध्याकाळी, जेवणाआधी, डोक्याला टोपी घालून सहज बाहेर पडणाऱ्यांचं.

हे इतकं सहज कसं होतं? गरम कपडे आहेत म्हणून, असं कुणी सांगेल. कपडे लागतातच, पण खरी गोष्ट जमिनीची आहे. सातबारा कुणाच्याही नावावर असो, तिथल्या रानात कुणीही चालू शकतं. या हक्काचं नाव 'आलेमान्सरेत्तेन'. प्रथा जुनी आहे. १९९४ साली तिचा उल्लेख राज्यघटनेत आला, पण काय चालेल आणि काय नाही याची जंत्री देणारा एकच असा कायदा आजही नाही. मालकाला न विचारता तुम्ही त्याच्या जंगलातून जा, एखादी रात्र तंबू ठोका, ब्लूबेरी, लिंगनबेरी आणि अळंबी वेचा. सरोवरात पोहा.

मात्र घराच्या अंगणात शिरायचं नाही, पेरलेलं शेत तुडवायचं नाही. झाडाची जिवंत फांदी मोडायची नाही. उघड्या खडकावर शेकोटी पेटवायची नाही, कारण आचेने खडक तडकतो आणि तो व्रण कधीच भरून येत नाही. १ मार्च ते २० ऑगस्ट हा वन्यप्राण्यांच्या पिलांचा काळ, म्हणून तेव्हा कुत्रा रानात मोकळा सोडायचा नाही. तिथलं पर्यावरण खातं हे सगळं एका ओळीत सांगतं : त्रास देऊ नका, नासधूस करू नका.

सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. बेरी विकत घेणाऱ्या कंपन्यांसाठी दर उन्हाळ्यात थायलंडहून मजूर येतात आणि याच हक्काच्या आधारावर दुसऱ्यांच्या रानात बेरी वेचतात. हक्क घरच्या मुरंब्यासाठी की धंद्यासाठी, यावर जमीनमालक कुरकुरतात. मला त्यांचं म्हणणं अगदीच गैर वाटत नाही.

सवय लागते ती लहानपणी. तान्ही बाळं थंडीतही बाबागाडीत, नीट गुंडाळून, घराबाहेर झोपवतात. नातवंडासाठी तिकडे गेलेल्या मराठी आजीचा जीव हे बघून कसा खालीवर होत असेल, ते मी सांगायला नको! 'फ्रिलुफ्ट्सफ्रेम्यांदेत' ही संस्था १८९२ साली स्कीच्या प्रसारासाठी निघाली. १९५७ मध्ये तिथल्या यॉस्ता फ्रोम यांनी मुलांसाठी 'स्कुग्समुले' हे जंगलातलं पात्र काढलं. त्याचं बोट धरून पिढ्यान् पिढ्या मुलं झाडं-किडे ओळखायला शिकली. १९८५ पासून तर दिवसाचा बराच वेळ बाहेरच भरणाऱ्या बालवाड्या सुरू झाल्या. पाऊस असला तरी सुट्टी नाही. अंगात रबरी पँट, पाठीवर छोटी सॅक, आणि सॅकमध्ये फोमचा एक चौकोनी तुकडा. ओल्या ओंडक्यावर तो टाकायचा, वर बसायचं आणि डबा उघडायचा.

आता थोडं बर्फाबद्दल. सरोवरं गोठली की मोठी माणसं लांब पात्यांचे स्केट घालून त्यांवरून मैलोन्‌मैल जातात. पण बर्फ फुटून पाण्यात पडलो तर वर यायला गळ्यात खिळ्यांची एक जोडी हवीच : हातात धरायच्या दोन मुठी, प्रत्येकीला अणकुचीदार खिळा. हातात टोकदार काठी, तिने पुढचा बर्फ ठोकत जायचं. आवाज बदलला की थांबायचं. सॅकमध्ये फेकायचा दोर आणि पिशवीत घट्ट बांधलेले कोरडे कपडे. हीच सॅक पाण्यात माणसाला तरंगतं ठेवते.

याची तालीमही असते. अनेक शाळांत मुलांना थंडीत तलावावर नेतात. बर्फात चौकोनी भोक पाडलेलं असतं. मूल कपड्यांसकट त्यात उतरतं, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक शिक्षकांच्या हातात. गार पाण्याने श्वास अडकतो. तो आधी ताळ्यावर आणायचा. मग ज्या बाजूने आलो त्याच बाजूला तोंड फिरवायचं, कारण तिथल्या बर्फाने मघाशी आपलं वजन पेललेलं असतं. खिळे रुतवायचे, पाय झाडायचे, पोटावर सरपटत वर यायचं. वर आल्यावर लगेच उभं राहायचं नाही, लोळतच दूर जायचं. मग धावत जाऊन कपडे बदलायचे आणि रांगेतल्या पुढच्याने उतरायचं.

नमस्कार.